उसात हललेले शेंडे

परवा दुपारी आमचे आबा उसात हरवले. हसू नका, डोक्यावरून गेलेल्या उसात हाताच्या अंतरावरचा माणूस दिसत नाही. आबा म्हणजे माझे वडील. अलीकडे त्यांना विसर पडतो. गारगोटीजवळच्या आमच्या शेतात शिरले ते बाहेरच येईनात. वर कडक ऊन. हाका मारून माझा घसा बसला.

शेवटी मित्र समीर कोल्हापुरातून ड्रोन घेऊन आला. फोटोतली माणसं ओळखणारा प्रोग्रॅम तो स्वतः बनवतो. वरून फोटो आणि व्हिडिओ काढून त्यानं आधी फोटो बांधावरच लॅपटॉपवर तपासले.

"माणूस न्हाय रं. नुसता पाला दाखवतोय."

"मग व्हिडिओ लाव की!" मी ओरडलो.

व्हिडिओत सगळा ऊस वाऱ्यानं एका अंगाला झुकत होता. मी डोळे फाडून बघत होतो, काही कळेना. मांडीवरची माझी तीन वर्षांची मुक्ता एकदम म्हणाली, "पप्पा, तितं कोनतरी हाय. हलतंय."

खरंच, एका ठिकाणचे शेंडे वाऱ्याला सोडून वेगळेच हलत होते. समीरनं प्रोग्रॅमला हालचाल शोधायला लावलं, तर त्यानंही तिथंच चौकट काढली.

"पळ!" समीर म्हणाला.

उसाच्या पाल्यानं अंग चिरत होतं, तरी मी आत घुसलो. आबा सरीत बसले होते. ओठ सुकलेले. उसाला धरून उठायला बघत होते, पण उठवत नव्हतं. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. घोटभर पिऊन त्यांनी मला न्याहाळलं.

"पावणं," ते म्हणाले, "वाट चुकलासा व्हय?"