बाई एकदा गाते, भिंती चारदा

तुम्हाला सांगतो, वैताग नुसता त्या खोलीचा... आणि यातला शब्दन् शब्द खरा, माझ्या बैलाची शपथ! म्हणजे बैल तेव्हा माझा नव्हता, चुलत्याचा होता, पण शपथेला चालतो. तर रनाळ्यात मी फोनो आणला, त्याच्यासाठी खास खोली बांधली, घोटीव चुन्याच्या भिंती, खाली फरशी, वर पत्रे, चावी देऊन तबकडी लावली तर काय, बाई एकदा गाते अन् भिंती चारदा! संध्याकाळची तान बायको सकाळी केरात झाडून काढायची, विचारा तिला... नको, विचारू नका.

त्यात सारंगखेड्याचे चुडामण पाटील आमच्या सरलाला सून करून न्यायचं म्हणत होते. गाण्याचे भारी षोकी. निरोप आला, 'आधी फोनो ऐकू, मग सोयरिकीचं बोलू.' आता या घुमणाऱ्या खोलीत बसवू त्यांना? घरातल्या सगळ्या गोधड्या भिंतींवर टांगल्या. बायको म्हणते, 'भितडाले हिव वाजी ऱ्हायनं का? मंग पोरे काय पांघरतीन?' बोलणी खाल्ली, पण खोली ऐकेल तर शपथ. फरशीवर कडबा अंथरला, तो गाय आत शिरून खाऊन गेली, खोली ऐकेल तर शपथ...

शेवटी मिरचीचा व्यापारी सुमेरमल शेठ डोळे मिटून म्हणतो, 'पाटीलसा, चारूं भींतां आगे म्हारी मिरची रा बोरा लगा दो, गूंज मर जासी.' त्याचं गोदाम गळत होतं, हे मला मागून कळलं. पण पत्र्यापर्यंत पोती रचली, तबकडी लावली, आणि काय सांगू, आवाज असा स्वच्छ, जणू बाई पुढ्यात बसून पान लावतेय!

चुडामण पाटील आले, पोत्याला टेकले. गाणं रंगलं तसा त्यांनी पोत्यावरच ताल धरला, आणि दर थापेला मिरचीची धूळ... समेवर तर ढगच उठला! डोळ्यांना धारा, नाक लाल, उपरण्यात तोंड घालून म्हणतात, 'भाऊ, जलममा आसं गानं आयकेल नही.' सोयरीक तिथंच पक्की. 'फक्त,' म्हणाले, 'फोनो पोरीसंगे धाडा.'

आता काय, शेठनं पोती उचलून नेली, मग सरला गेली, फोनो गेला. एकटा बसतो, मी एक उसासा टाकतो, भिंती चार टाकतात. खोली ऐकेल तर शपथ.

बरं, एक जोडलेलं कबूल करतो. चुडामण पाटील रडलेबिडले नाहीत, नुसते शिंकले. रडलो तो मी, दोघांना घेऊन गाडी हलली तेव्हा... पोरीसाठी की फोनोसाठी, ते विचारू नका. आणि त्या वेळी घरात मिरचीचं एक पोतं नव्हतं.