तेव्हाचा नियम

डॅलस विमानतळाच्या इमिग्रेशन चौकशी-कक्षात श्रीकर आईसोबत बसला होता. शेजारच्या बाकावर दोघे तेलुगूत बोलत होते.

"ग्रीन कार्डाच्या अर्जावर मिळतो त्या प्रवास-परवान्यावर परत आलास? मग नोकरीचा व्हिसा बुडाला की, बावा!"

"कसला बुडतोय? त्याच कंपनीत काम चालू ठेवलं, की तो पुढे वाढवून मिळतो. म्हणून तर वडिलांना अग्नी देऊन आलो."

"मग आपले लोक जात का नाहीत?"

"जायचं नसलं, की कागद आडवा येतो."

आई श्रीकरकडे वळली. "तुला येता आलं नाही, चुलतभावानं तुझ्या वडिलांना अग्नी दिला, तेव्हा हा नियम नसेल, नाही रे?"

"नव्हता, अम्मा."

"वाटलंच मला. सगळ्यांना मी तेच सांगितलं."

"नियम तर जुनाच..." अग्नी देऊन आलेला शेजारी बोलू लागला, पण अम्माकडे पाहून तो आपले कागद चाळू लागला.