कोचिंगवाल्या सरांची फिरती खुर्ची नेल्याबाबत

मी अर्जुनराव बन्सी तांदळे, वय ५७ वर्षे, धंदा पाइप-मोटारीचे दुकान, राहणार नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड. ठाण्यात समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

मला हरिओम नावाचा एकुलता मुलगा आहे, वय २६. मुलगा सालस आहे, पण कायम मिठाची गुळणी धरून बसतो. दुकानात गिऱ्हाइकाने भाव विचारला तरी मलाच सांगावा लागतो. त्याने चारचौघांत बोलावे व त्याचे लग्न जमावे म्हणून मी त्याला बीडच्या प्रविण सरांकडे लावले. सर आत्मविश्वासाचे कोचिंग करतात.

प्रत्येक बैठकीला मी जातीने हजर होतो. सर विचारीत, "हरिओम, तुला काय हवंय?" मुलगा विचार करीत बसे. सरांचा खोळंबा नको म्हणून उत्तर मी देत असे. सरांनी मला एकदा बाहेर बसायला सांगितले. माझी सोय बघत असतील असे समजून मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या सर, मी हितंच बरा हाय." सरांनी माझ्या वयाचा मान राखून चहा मागविला. पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतर चकलांबा येथे मुलगी पाहण्यास गेलो. मुलगी मनिषा, बीएस्सी झालेली. तिने सर्वांसमक्ष मुलाला विचारले, "तुमाला मी पसंत हाय का?" मुलाचे कान लाल झाले. मी लगेच सांगितले, "लई पसंत हाय त्याला." तिच्या आत्या केसरबाई म्हणाल्या, "नवरदेव कोण हाय मग, तुमी का त्यो?" सगळे हसले. पोहे झाले. दुसऱ्या दिवशी नकार आला. मुलगा दोन दिवस जेवला नाही.

आज मी सरांना जाब विचारला. सर म्हणाले, "काका, खरं सांगू का? कोचिंग तुमचंच झालं." मला हे उद्धट वाटले. रागाच्या भरात मी त्यांची फिरती खुर्ची माझ्या दुकानाच्या टेम्पोत टाकली. मुलगा मला "दादा, दादा" एवढेच म्हणत होता. सरांच्या तक्रारीवरून आम्हांस येथे बोलावले. खुर्ची परत दिली आहे. चाके शाबूत आहेत.

हवालदार मंगलताईंनी मुलास विचारले, "तुझं काय म्हणणं हाय?" मी सांगू लागलो. तेव्हा मुलगा म्हणाला, "दादा, तुमी जरा दम धरा. मी सांगतो." मग त्याने सरांची माफी मागितली. मुलगी आपल्याला मनापासून आवडली आहे व आताच जाऊन तिला तसे सांगणार, असेही तो बोलला. मला आधी राग आला. मग फार बरे वाटले. त्याचा आवाज माझ्या वडिलांसारखा आहे, हे मला आजवर माहीत नव्हते.

माझी सरांविरुद्ध तक्रार नाही.

मी सांगितले तसेच मंगलताईंनी लिहिले असून, मला मोठ्याने वाचून दाखविले आहे. ते खरे आहे. साक्षीदार म्हणून मुलाची सही घेता आली नाही, कारण तो मोटारसायकलवर चकलांब्याला गेला आहे. मी सोबत येतो म्हणालो होतो. तो नको म्हणाला.