उमरीच्या शाळेतले सुरक्षित कॉम्प्युटर

उमरीच्या शाळेत मी कॉम्प्युटर शिकवायला जातो ना, तिथं काल माझं डोकंच फिरलं. व्हायरसच्या धास्तीनं मुख्याध्यापकांनी सेटिंग्जला कुलूप लावलंय, पेनड्राइव्ह चालत नाही आणि मशीन बंद झालं की आतलं सगळं आपोआप पुसलं जातं. आठवीतल्या सारिकानं विज्ञान प्रदर्शनाचा अख्खा प्रकल्प दुपारभर बसून टाइप केला. शाळा सुटताच सरांनी मेन स्विच पाडला. सगळं गेलं.

मी चिडून म्हणालो, “सर, लेकरांनी लिहिलेलं तरी राहू द्या!”

“तुम्ही लई लांब शिकून आलात, पण इथलं तुम्हाला न्हाई कळायचं. आजवर एक व्हायरस आलेला न्हाई आपल्या शाळेत!”

सारिका डोळे पुसत म्हणाली, “सर, आला असता तर त्यानं अजून काय केलं असतं?”