जीपची टकटक

खुर्शीद : नव्वद नंबरचं घट्ट तेल गिअरमंदी टाकतेत मनसारामभाऊ, इंजिनात नाई.

मनसाराम : आष्टी लाइनचे सारेच ड्रायव्हर टाकून राह्यले. टकटक बसते.

खुर्शीद : टकटक बसते, घासणं थोडीच थांबते? जीप विकून राह्यले का? विकणारेच असं करतेत.

मनसाराम : विकतो कशाले. हळू बोल. वच्छला बसली आहे तिथी, बाकावर.

खुर्शीद : बाईचं काय त्यात?

मनसाराम : डायलिसिसले नेतो ना तिले, चंद्रपूरले, हप्त्यातून तीनदा. मंगळवारी गेलीच नाई. म्हणे, ही टकटक मले ऐकवत नाई. जीपवर घर चालते, आन जीपच माह्यापायी मरून राह्यली. दार उघडलं आन उतरली खाली. पाय पाहा तिचे, कसे सुजले. उद्याबी नाई गेली तं...

खुर्शीद : एसटीनं न्या.

मनसाराम : सातचा नंबर आहे तिचा. पहिली गाडी पोचतेच साडेआठले.

खुर्शीद : मंग इंजिन खोलू द्या. टॅपेट, बेअरिंग, सारं नवीन बसवतो.

मनसाराम : किती दिवस?

खुर्शीद : आठ तं लागतेच.

मनसाराम : आठ दिवस तिच्यापाशी नाईत.

खुर्शीद : मंग ऐका. तुमी निघता पहाटे पाचले. या थंडीत ते घट्ट तेल गुळाच्या पाकावानी खालीच बसून राहते. वर चढेपर्यंत लोखंडावर लोखंड घासते. तुमाले काईच ऐकू येणार नाई, आन एक दिवस रस्त्यातच इंजिन जाम. मागं बाई बसून.

मनसाराम : जाताना का येताना?

खुर्शीद : ते इंजिन सांगत नाई, भाऊ. मी पंधरा-चाळीस नंबरचं पातळ तेल टाकतो. थंडीत झटकन चढते, तापल्यावरबी धरून राहते. टकटक मात्र येईन.

मनसाराम : येईन तं ती बसन कशी? मले नाई जमत तिले समजावणं. तेलच समजावन म्हटलं.

वच्छला : खुर्शीदभाऊ.

मनसाराम : तू काऊन उठली? बस तिथी.

वच्छला : ऐकलं मी सारं. जीप चालवून चालवून यांचं हळू बोलणंबी गावभर जाते. भाऊ, त्या घट्ट तेलानं किती दिवस चालन?

खुर्शीद : होळीपर्यंत. तेबी नशीब असन तं.

वच्छला : आन तुमच्या तेलानं?

खुर्शीद : दोन पावसाळे काढन. वेळेवर बदललं तं जास्तबी.

वच्छला : म्हणजे जीप वाचावी म्हणून मी उतरली, आन मी बसावं म्हणून हे तिले मारून राह्यले होते.

मनसाराम : तू बसतच नाई तं मी काय करू?

(वच्छला जीपच्या बॉनेटला टेकून उभी राहते.)

वच्छला : पंधरा-चाळीस टाका, भाऊ. आन अजी, उद्या साडेचारलेच उठवा मले. थंडीत मलेबी वेळ लागते.