प्रसाद मागच्या दाराला

आमी मूळचे मासवणचे, बापाची भाताची खाचरं तिथं, सगळी पावसावरची, आणि दिवाळी सरली की आई-बाप आमाला घेऊन वीटभट्टीवर जायचे, तर शाळा ती अशीतशीच, पण सातवी काढली मी. मंग बोईसरला आलो, केमिकलच्या कंपनीत लागलो, नाव नका लिवू तिचं. पयला हेल्पर, मंग आग विझवायच्या टोळीत घेतलं मला. तिथं जे शिकलो ते अजून हाडात हाय. भोंगा झाला की हातातलं काम टाकायचं, पळायचं नाय, आदी वर बगायचं, खांबावर कापडाची लांब पिशवी असते ती वाऱ्यानं कुठं फुगलीय ते, आणि वारा जिकडनं येतो तिकडं चालायला लागायचं. आमची मंडळी हसते मला, म्हणते लग्नात नवरा-नवरी नंतर बगतात हे, आदी दार कुठं हाय ते बगतात.

कंपनी सुटली तेवा ह्या देवळात आलो सेवेला. मोठं देऊळ हाय देवीचं, तुमी बगताच हाय, घाटावरनं आलेली कामगारमंडळी, सातपाटीच्या कोळणी, आमच्यासारखे गावचे, जत्रेला पाय ठेवायला जागा नसते. आणि काय सांगू तुमाला, एवढ्या माणसांना एकच दार! मागचं दार होतं, पण त्याला कुलूप, आणि कुलपामागं मांडवाचे बांबू न् टोपं रचलेली. का, तर देवीच्या मागनं निघून जाऊ नये म्हणे, जुनी माणसं सांगून गेली. चार महिने मागं लागलो मी अध्यक्षांच्या, आप्पा म्हणतो आमी त्यांना. म्हटलं आप्पा, देवी रागावली तर माज्यावर रागावेल, तुमी कुलूप काढा. आप्पा माणूस भला, शेवटी दिली चावी. बांबू मीच हलवले.

मंग म्हटलं सराव करू, कंपनीत करायचो तसा. भोंगा कुठनं आणणार, आप्पा म्हणाले घंटा हाय ना एवढी, ती सारखी वाजली की सगळ्यांनी बाहेर पडायचं. मलाही पटलं, माजी अक्कल बगा! मंगळवारी सकाळी धरली घंटा न् बडवली, आणि बाहेर नारळवाल्यापाशी जेवढे उभे होते ना, सगळ्यांनी चपला काढल्या न् धावत आत आले, आरती लागली, आरती लागली. आतले उठेनात, बाहेरचे मावेनात. आप्पा हसून हसून खांबाला टेकले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आलो, मंडळीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, वर न बगताच म्हणाली, अवो, घंटेनं माणूस देवळात येतो, देवळातनं उठतो तो प्रसादाला. प्रसाद मागं हाय म्हणा, कसे शिस्तीत जातात बगा. मी खेकसलो तिच्यावर, म्हटलं देवीच्या नावानं खोटं बोलू? असलं माज्याच्यानं व्हायचं नाय.

आणि जत्रेच्या दिवशी नेमकी तेच करायची पाळी आली. दुपारची आरती, पुढच्या दाराशी रोषणाईचा बोर्ड, त्यातनं धूर आला न् पडद्यानं पेट घेतला. आप्पा पाण्याची बादली घेऊन धावले, मी त्यांना अडवलं, पाणी नको आप्पा, आदी मेन स्विच पाडा, न् वाळू टाका. आतल्या गर्दीला अजून काय दिसलं नव्हतं. आणि आमची मंडळी पार आत, गाभाऱ्यापाशी, दोन्ही गुडघे गेलेले तिचे, उठायला माणूस लागतो. आग म्हटलं असतं ना, तर पयली तीच तुडवली गेली असती. वर कळसावरचा झेंडा बगितला, वारा मागनंच होता, धूर पुढं जात होता. बॅटरीवरचा माइक घेतला हातात न् बोललो, भाविकांनी शांतपणे मागच्या दारानं यावं, महाप्रसाद सुरू झालाय.

तिला ठाऊक होतं, बगा. सकाळपासनं तीच होती भटारखान्यात, चूल पेटली नव्हती अजून. तिनं एकदा वळून माज्याकडं बगितलं, न् मंग मोठ्यानं म्हणाली, चला गं बायांनो, हात द्या मला, ढकलू नका म्हातारीला, सगळ्यांना मिळेल. दोघींनी धरली तिला, न् ती निघाली, तिच्या चालीनं, एक पाय, मंग दुसरा पाय. तिला ओलांडून जाणार कोण? तिच्या मोडक्या गुडघ्यांच्या चालीनं अख्खं देऊळ बाहेर पडलं, साहेब. एकाला खरचटलं नाय.

तिकडं आप्पांनी वाळूनं आग विझवली, न् इकडं बाहेर आले ते रांगेत उभे. प्रसादाच्या! पुढं सातपाटीची एक म्हातारी कोळीण, हात पसरलेला, म्हणाली भाऊ, कुठं हाय प्रसाद? माजी मान खाली. म्हटलं आजी, खोटं बोललो, आत आग लागली होती. तिनं त्या काळ्या धुराकडं बगितलं, पण हात काय खाली केला नाय. म्हणाली, मंग असेल ते दे, देवीचं नाव घेतलंस ना, ते खोटं पडू देऊ नको.

माज्या डब्यात तांदळाच्या दोन भाकऱ्या होत्या. त्याच मोडल्या, चिमटी चिमटी, कोणाला कण मिळाला कोणाला तोही नाय, पण माणसं कपाळाला लावत होती. मी रडलो तेवा, लाज कसली.

तेवापासनं महिन्याच्या पयल्या मंगळवारी सराव असतो, न् मागच्या दाराला चणे-गूळ वाटतो आमी, खरोखर. मंडळीला आता मांडी घालून बसवत नाय, तिची खुर्ची त्याच दाराशी, ती बगा, टोपलं घेऊन बसलीय. एकदा विचारलं तिला, तू कसं ओळखलंस गं? म्हणाली, चुलीचं सोडा, एवढ्या वर्षांत घरी कदी इतकं गोड बोललात काय तुमी?

झालं, लिवलंत ना? देवी तुमचं भलं करो. आणि साहेब, आलात तसे पुढनं नका जाऊ. मागच्या दारानं जा, प्रसाद हाय.