खारूताईचं पान

‘ती काही बोलायची नाही गं, आई, तू उगाच घाबरतेस’ – असं म्हणाला तो. माझा नवरा. माझ्याशी नव्हे, माझ्याबद्दल, त्याच्या आईशी. तुम्ही आला नव्हतात म्हणून विचारलंत ना, कालच्या कार्यक्रमात असं झालं तरी काय, की तुमचे साहेब घरी येऊन जेवले नाहीत आणि बोललेही नाहीत – तर ते कार्यक्रमात नाही झालं, त्याच्या आधी झालं, सकाळी, इथेच. बसा ना. ती खुर्ची दिसते एवढीशी, पण मोडत नाही, मी रोज बसते तिच्यावर. तुमची पोरगी आहे अंगणात, खिडकीतून दिसतेय बघा, पानं वेचतेय. या दिवसांत झाडाखालून तिला उठवायचं म्हणजे दिव्यच – सगळी पानं गळून खाली आलीत आणि तिला त्यातलं प्रत्येक हवं. राहू दे तिला थोडा वेळ. तर मी त्या पडद्यामागच्या खोलीत होते. खोली म्हणजे काय, फडताळच – खडू, कागद, फाटलेली पुस्तकं, आणि चिकटवायच्या खळीचं पातेलं. खळ घट्ट झाली होती म्हणून मी ढवळत उभी होते, आणि पलीकडे वर्गात हे दोघं आले. मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तशीही मी कुठे आहे हे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही, त्याचे फायदेही असतात. तो म्हणाला, ती काही बोलायची नाही. आणि मोठ्या बाई – आमच्या मुख्याध्यापिका हो, त्याच माझ्या सासूबाई, शाळेत मी त्यांना बाई म्हणते आणि घरी आई, फाटकाबाहेर पाऊल पडलं की बदलायचं – तर त्या म्हणाल्या, ‘खरंय बाबा. म्हणून तर मी हीच सून हवी असा हट्ट धरला होता.’ आणि तो हसला. मोठ्यानं नाही. आमच्याकडे जेवताना हसतो तसंच, आपलं, प्रेमानं.

कशाबद्दल बोलायची नाही – ते सांगते. पानगळ सुरू झाली की आम्ही वर्गात ते खारीचं पुस्तक काढतो. खार बिया पुरते, कुठे पुरल्या ते विसरते, आणि पुढं तिथं झाडं येतात, बस, एवढीच गोष्ट. तुमच्या लेकीनं ती इतक्या वेळा वाचायला लावली की पोरं तिलाच खारूताई म्हणायला लागली – घरी सांगितलं असेलच तिनं. मग वाचून झालं की प्रत्येकानं बाहेर जाऊन आपलं एक पान आणायचं, त्यावर कागद ठेवायचा आणि रंगीत खडू आडवा धरून घासायचा – उभा नाही, आडवा, नाहीतर कागद फाटतो – की पानाच्या शिरा वर उमटतात. एकेका पोराचं धरून मी पन्नासदा पाहिलं असेल, तरी ती पहिली शीर उमटताना पोरांबरोबर माझाही श्वास थांबतो. मग तो ठसा कापायचा आणि त्यावर लिहायचं, कशाकशाचे आभार मानायचे ते. लिहायचं म्हणजे मी, त्यांना कुठं येतंय. ती सांगतात, मी लिहिते, आणि माझा एक नियम आहे – जसं सांगितलं तसंच उतरवायचं, एक अक्षर सुधारायचं नाही. आता आभार म्हणजे काय हे चार-पाच वर्षांच्या पोराला कसं सांगणार? मी म्हटलं, जे नसतं तर तुम्हाला करमलं नसतं, ते सांगा. एकानं दाराच्या कडीचे मानले, कारण आता त्याचा हात पुरतो. एकीनं सांगितलं, माझा दात हलतो त्याचे. एकानं खूप विचार करून सांगितलं, उद्याचे. मी म्हटलं, उद्याचे का रे? तर म्हणाला, उद्या पण शाळा आहे ना. मोठ्या बाईंना हे वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘गोड आहे, पण पालकांना दाखवण्यासारखं नाही.’ मी गप्प बसले. तेव्हाही.

आणि खारूताईनं – तुमच्या लेकीनं – काय सांगितलं ते मी तुम्हाला सांगणारच नव्हते. तुम्ही आलात तेव्हा ठरवलं होतं, झालं ते थोडक्यात सांगायचं आणि पान हातात द्यायचं. पण आता निम्मं बोललेच आहे. ती म्हणाली, ‘बाबा गावाला गेले की आई मोठ्यांदा गाते, त्याचे.’ – नका हो रडू, पाणी आणू का? बरं. यात वाईट काही नाही हो, माझ्या मनात तर तसं आलंही नाही, मला वाटलं, किती सुरेख सांगितलं पोरीनं. आणि मला ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं. इथंच घोटाळा आहे बघा. मी कुणाला काही सांगणारी बाई नाही. माहेरी मी म्हणजे घरातलं कपाट, म्हणायचे सगळे – उघडलं तर उघडलं. पण लग्न झाल्यापासून हा रोज रात्री ताट वाढलं की विचारायचा, आज वर्गात काय झालं. पहिले दोन-चार दिवस मी म्हटलं, काही नाही, नेहमीचंच. तर हा म्हणाला, नेहमीचं सांग. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मग काय, मी सांगत सुटले – कोण रडलं, कोणी कुणाला चावलं, कोणाला जोडे उलटे घालायचेच असतात. भाजी निवायची, मी बोलतच असायची, तो हनुवटीवर हात ठेवून ऐकायचा. मी इतकं आयुष्यात बोलले नव्हते. मला वाटायचं, लग्न म्हणजे हेच असणार, बाकीचं लोक उगाच सांगतात. तर परवा रात्री मी खारूताईचं पान सांगितलं. तो म्हणाला, वा. आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

आणि काल सकाळी ते मोठ्या बाईंकडे पोचलेलं. फक्त ते नव्हे हो – खळीचं पातेलं हातात धरून मी ऐकत होते – सगळं पोचत होतं, पहिल्या दिवसापासून. कुठल्या पालकांचं पटत नाही, कुठलं पोर डबा न आणता येतं, आणि मी, मी कशाला कंटाळते, मला मोठ्या बाईंचं कुठलं बोलणं लागलं, हेसुद्धा. त्याच म्हणाल्या त्याला, ‘बरं झालं तू रोज विचारून घेतोस, मला कसं कळलं असतं?’ विचारून घेतोस. म्हणजे तो ऐकत नव्हता, विचारून घेत होता. मला हसूच आलं आधी, खरं सांगते, खळीत बुडालेला चमचा बघून हसू आलं. मग नाही आलं.

तुमचे साहेब संस्थेच्या मंडळावर, पहिल्या रांगेत बसणार, आणि शाळेला वरच्या मजल्यावर नवी खोली बांधायला त्यांची संमती हवी – मग भिंतीवर ते पान कसं चालणार? म्हणून पानं बदलायची ठरली. एक नाही, सगळीच, म्हणजे एकटं उठून दिसायला नको. माझ्या नवऱ्याचं अक्षर मोत्यासारखं आहे, शाळेचे सगळे फलक हाच रंगवतो. माझी पानं उतरवून मोठ्या बाईंच्या खोलीत नेऊन ठेवली, आणि यानं नवी लावली – पिवळ्या पुठ्ठ्याची, एकाच साच्यावरून कापलेली, एकसारखी, शिरा नाहीत, भोकं नाहीत, काही नाही. आणि वर मजकूर काय तर ‘शिस्त शिकवणाऱ्या माझ्या बाबांचे आभार’, ‘संस्काराचे धडे देणाऱ्या शाळेचे आभार’. ज्या पोराला अजून पुस्तक म्हणता येत नाही, पुत्तक म्हणतं, ते संस्कार म्हणणार. तो म्हणे आईला, ‘पोरांना वाचता कुठं येतं, कोणाला कळणार आहे.’ हुशार माणूस, पण इथं बसला असता एक दिवस तर त्याला कळलं असतं. पोरांना अक्षर येत नाही, पान येतं. माझं पान कुठलं हे झोपेतून उठवून विचारा.

तेव्हाच पडदा सारून बाहेर यायला हवं होतं, हे मलाही कळतं. नाही आले. मी खळ ढवळून घेतली, ते गेल्यावर बाहेर आले, आणि दारात उभी राहून पालकांना नमस्कार केले. सवय आहे. मला वाटलं, कार्यक्रम होऊ दे, घरी गेल्यावर विचारीन. घरी गेल्यावर काय विचारणार होते मी, ते मात्र ठरत नव्हतं.

मग दिवाणखान्यासारखा सजवलेला तो वर्ग, सगळे बसलेले, मोठ्या बाई एकेका पोराला बोलावतात, पान वाचतात, टाळ्या. कडीवाला गेला, पिवळं पान बघून गोंधळला, पण टाळ्या पडल्या म्हणून खूश झाला. उद्यावाला गेला. दातवाली म्हणाली, हे कोणाचं आहे? – सगळे हसले. मग खारूताई. मोठ्या बाईंनी वाचलं, बाबांचे आभार वगैरे, साहेबांकडे बघून, आणि ही म्हणाली, ‘हे माझं नाही. माझ्या पानाला भोक होतं, किड्यानं खाल्लेलं.’ मोठ्या बाई म्हणाल्या, ‘अगं, तुझंच आहे, विसरलीस तू.’ ‘नाही विसरले. मी आईचं सांगितलं होतं.’ आणि तिनं सांगितलं. सगळं, जसंच्या तसं, मोठ्यांदा, तुमच्यासारखं म्हणायला हवं. साहेब बुटांकडे बघत होते. मोठ्या बाई म्हणाल्या, ‘मुलं काय, मनाला येईल ते बोलतात.’ पोरीचे डोळे भरून आले, कारण तिला खोटं ठरवलेलं कळतं, त्यासाठी अक्षर यावं लागत नाही. आणि तेव्हा भिंतीशी उभा असलेला हा – माझा नवरा – पुढं आला, हसून, अगदी समजूतदार आवाजात म्हणाला, ‘तिची चूक नाही, नव्या बाईंचा लिहिताना घोटाळा झालेला दिसतो, त्यांना अजून सवय नाही.’ आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. खात्रीनं.

ती खात्री नसती ना त्याच्या डोळ्यांत, तर मी कदाचित अजूनही गप्पच असते.

हे घ्या, तिचं पान. मोठ्या बाईंच्या खोलीतून मीच आणली सगळ्यांची, विचारलं नाही. ह्या कोपऱ्यात भोक आहे बघा, खडू तिथं घसरलाय. कुठं ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी कुणाच्या घरात बोट घालत नाही, मला आता माझंच बघायचंय – तो फाटकाशी येऊन उभा आहे सुट्टीपासून, दिसतोय ना, आत यायला धजत नाही. उभा राहू दे. निघा तुम्ही, तिला हाक मारा, नाहीतर सगळं झाड घरी नेईल. मला खोली झाडायचीय.

काय? हां, मी काय बोलले ते राहिलंच. फार नाही. पुढं जाऊन तुमच्या लेकीला कडेवर घेतलं, आणि त्या दोघांकडे बघून, मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, ‘ही पानं मुलांची नाहीत, तुम्ही दोघांनी केलीत. माझ्याकडून काढून घेतलंत ते घेतलंत, पण पोरीला खोटं पाडू नका.’